दमा, सीओपीडी आणि बसलेला आवाज : पांढुर्णा-सौंसरच्या रुग्णांनी काय करायचं, कुठे जायचं

पांढुर्णा / सौंसर : "दमा तर जुनाच आहे, पण आता बोलताच येऊन नाही राहिलं." पांढुर्णा आणि सौंसर तालुक्यांतल्या घराघरांत हे वाक्य ऐकू येतं. खोकला, धाप, पंप, वाफ या गोष्टी घरच्यांना सवयीच्या झालेल्या असतात. आवाज गेला की मात्र "वय झालं, घसा बसला असेल" म्हणून तो विषय तिथेच संपतो. खरं तर बसलेल्या आवाजाला बहुतेक वेळा नेमकं कारण असतं आणि त्यातली बरीच कारणं दुरुस्त होणारी असतात. काही थोडी कारणं गंभीर असतात आणि तिथे उशीर महागात पडतो. कोणतं कारण कसं ओळखायचं, घरी काय करायचं, दवाखान्यात केव्हा जायचं आणि आवाज नसताना रोजचे व्यवहार कसे चालवायचे, याची ही माहिती.

आवाज तयार होतो कसा?

गळ्यात स्वरयंत्र असतं आणि त्यात दोन स्वरतंतू असतात. फुप्फुसातून बाहेर येणारी हवा त्यांच्यामधून जाते, ते थरथरतात आणि आवाज निघतो. बाजाच्या पेटीचं उदाहरण घ्या. भाता नीट भरला नाही तर पट्ट्या चांगल्या असूनही सूर लागत नाही. भाता चांगला असला आणि पट्टीवर धूळ बसली, तरी सूर बिघडतो. जुनाट फुप्फुसविकारात अनेकदा दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतात. भाता म्हणजे फुप्फुस कमजोर होतं आणि पट्टी म्हणजे स्वरतंतू कोरडे पडतात, सुजतात किंवा थकतात.

म्हणून "घशाचा आजार वेगळा, छातीचा वेगळा" असं धरून चालू नये. दोन्हींची माहिती एकाच डॉक्टरला पूर्ण द्यावी.

आवाज बसण्याची नेहमीची कारणं

१. पंपातलं औषध घशात बसणं. दमा आणि सीओपीडीच्या अनेक पंपांत बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन किंवा बेक्लोमेथासोन हे स्टिरॉइड असतं. ते फुप्फुसासाठी उपयोगाचं आहे, पण काही भाग घशात आणि स्वरतंतूंवर बसतो. त्याने आवाज घोगरा होतो. कधी तोंडात, घशात पांढरे चट्टे येतात, म्हणजे बुरशी धरते.

२. सततचा खोकला आणि खाकरणं. प्रत्येक खाकरण्यात दोन्ही स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. दिवसभर असं चाललं की सूज येते, सूज आली की घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं आणि माणूस पुन्हा खाकरतो. हे चक्र तोडावं लागतं.

३. हवेचा जोर कमी पडणं. सीओपीडीत हवा पूर्ण बाहेर पडत नाही, छाती भरलेलीच राहते. बोलायला दम पुरत नाही. मग माणूस गळा आवळून बोलतो आणि गळ्याचे स्नायू थकतात. सकाळी बरा असलेला आवाज संध्याकाळी बसतो, तो बहुधा यामुळे.

४. पित्त वर येणं. रात्री उशिरा जेवून लगेच आडवं झालं की पोटातलं आम्ल घशापर्यंत येतं. खोकल्याच्या जोराने ते आणखी वर ढकललं जातं. सकाळी उठल्यावर आवाज जड, घशात आंबट चव, ही त्याची खूण.

५. कोरडेपणा. तोंडाने श्वास घेणं, नळीचा ऑक्सिजन, काही पंप आणि गोळ्या यांनी घसा सुकतो.

६. धूर आणि धूळ. बिडी-सिगारेट पहिल्या नंबरावर. त्यानंतर चुलीचा धूर, जिनिंगमधली कापसाची धूळ, सोयाबीन-तुरीची मळणी, मिरचीचं कांडप आणि फवारणी. कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना छाती आवळण्याचा वेगळा आजारच होतो. सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी तो जास्त जाणवतो. खर्रा थेट घशावर घाव घालतो आणि तोंड-घशाच्या कर्करोगाचं कारण ठरतो.

७. काही औषधं. ब्लडप्रेशरच्या ठरावीक गोळ्यांनी (एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गटातल्या) कोरडा खोकला लागतो. तो दम्याचा समजून नुसता पंप वाढवला जातो. सगळ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरला दाखवावीत ती याचसाठी.

आधी हे वाचा : केव्हा थांबायचं नाही

लगेच १०८ला फोन करावा किंवा जवळच्या रुग्णालयात न्यावं, जर :
- श्वास आत घेताना घशातून शिट्टीसारखा, घरघरता आवाज येत असेल
- ओठ, नखं निळसर पडली असतील
- एरवी पूर्ण वाक्य बोलणारा माणूस एका दमात दोन-तीन शब्दांवर आला असेल
- थुंकीही गिळता येत नसेल, लाळ गळत असेल
- औषध किंवा काही खाल्ल्यावर अचानक ओठ, जीभ, गळा सुजला असेल

आठवड्याभरात डॉक्टरला दाखवावं, जर आवाज बसलेला असताना :
- खोकल्यातून रक्त येत असेल
- गिळताना दुखत असेल किंवा घास अडकत असेल
- मानेत गाठ लागत असेल, एका कानात दुखत असेल
- कारण नसताना वजन उतरत असेल
- रुग्ण बिडी, सिगारेट, खर्रा घेणारा असेल

आणि सगळ्यांसाठी एक साधा नियम : सर्दी-पडसं नसताना आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, तर कान-नाक-घसा डॉक्टरकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्यावं. तपासणी काही मिनिटांची असते. नाकातून किंवा तोंडातून बारीक दुर्बीण घालून स्वरतंतू पाहतात. त्यांच्यावर गाठ आहे, सूज आहे, बुरशी आहे की एक तंतू हलतच नाही, हे तिथेच दिसतं.

तंतू हलत नसेल तर छातीचा फोटो किंवा सीटी स्कॅन का सांगतात, हे घरच्यांना कळत नाही. डाव्या स्वरतंतूची नस छातीत खाली उतरून हृदयाजवळच्या मोठ्या धमनीखालून वळून पुन्हा वर येते. छातीतल्या गाठीने ती दाबली गेली, तर पहिली खूण आवाजात दिसते. म्हणजे दुखणं छातीत आणि तक्रार गळ्यात, असं होऊ शकतं.

टीबीची शंका विसरू नये

खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल तर थुंकीची तपासणी करावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. "मला दमाच आहे" म्हणून टाळू नये. दम्याच्या रुग्णाला टीबी होऊ शकतो आणि टीबी बरा झाल्यावरही फुप्फुसावर राहिलेल्या व्रणांमुळे दम लागत राहतो. स्वरयंत्राचाही टीबी होतो. त्यात आवाज बसतो, गिळताना दुखतं आणि तो घरात पसरण्याची भीती जास्त असते. उपचार मोफत आहेत. उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये रुग्णाच्या खात्यात येतात. माहितीसाठी १८००-११-६६६६ हा मोफत क्रमांक आहे.

पंप बंद करू नका, पद्धत बदला

"पंपाने आवाज बसला" हे कळल्यावर अनेक जण पंपच सोडतात. ही सगळ्यात धोक्याची चूक. आवाज दोन दिवसांत सुधारेल न सुधारेल, पण दम्याचा मोठा झटका येऊन रात्री-बेरात्री नागपूर गाठायची वेळ येऊ शकते. त्याऐवजी :

- प्रत्येक वेळी पंप घेतल्यावर गुळण्या करून पाणी थुंकावं. नुसतं पाणी पिणं पुरत नाही. घशाच्या मागपर्यंत गुळणी गेली पाहिजे.
- जेवणाच्या किंवा दात घासण्याच्या आधी पंप घ्यायची सवय लावावी. गुळणी आपोआप होते.
- फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर लावावा. प्लास्टिकच्या या नळकांड्यामुळे औषध घशावर कमी आदळतं आणि फुप्फुसात जास्त जातं.
- स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुवावा. कापडाने न पुसता तसाच वाळू द्यावा.
- कॅप्सूल टाकून ओढायच्या यंत्राला स्पेसर लागत नाही. त्या पावडरीने घसा धरत असेल तर डॉक्टरला "फवारा आणि स्पेसर चालेल का?" असं स्पष्ट विचारावं.
- दर भेटीत डॉक्टर किंवा नर्ससमोर पंप घेऊन दाखवावा. वर्षानुवर्षं पंप घेणाऱ्यांचीही पद्धत चुकलेली निघते.

मात्रा कमी करायची की औषध बदलायचं, हे डॉक्टरच ठरवतील.

दम वाचवून बोलायचं कसं?

ही पद्धत शिकायला पैसे लागत नाहीत. आठ-दहा दिवस सकाळ-संध्याकाळ सराव हवा.

बसणं : खुर्चीत किंवा ओट्यावर थोडं पुढे झुकून बसावं, कोपरं मांडीवर टेकवावीत. खांदे सैल सोडावेत.

श्वास : नाकाने श्वास घ्यावा. गरम चहा फुंकतो तसे ओठ गोल करून हळूहळू सोडावा. आत घ्यायला जितका वेळ, त्याच्या दुप्पट वेळ सोडायला.

बोलणं : श्वास सोडायला सुरुवात झाली की लगेच बोलावं. दम संपेपर्यंत ताणू नये, थोडा शिल्लक असतानाच थांबावं. वाक्य तोडून बोलावं. "सूनबाई, पाणी आण, कोमट कर, आणि पंप दे" हे एका दमात न म्हणता चार श्वासांत म्हणावं. मधल्या थांब्याची लाज वाटू देऊ नये.

खाकरण्याऐवजी : घसा साफ करावासा वाटला की आधी घोटभर पाणी प्यावं किंवा थुंकी जोरात गिळावी. कफ खरंच सुटलेला असेल तर तोंड उघडं ठेवून, आरशावर वाफ धरल्यासारखा "हाऽ" करून तो वर आणावा.

कुजबुज नको : आवाज बसला की लोक कुजबुजत बोलतात. त्यात बऱ्याच जणांचा गळा उलट जास्त आवळला जातो. हळू पण खऱ्या आवाजात बोलावं, नाहीतर गप्प राहावं.

ओरडणं नको : चालू ट्रॅक्टर, पिठाची गिरणी, डीजे, पोळा-गोटमारीची गर्दी अशा ठिकाणी बोलायचं झालं तर जवळ जावं किंवा हाताने खुणा कराव्यात. शेतातून हाक मारायला गळ्यात शिट्टी ठेवावी, पण फुंकायला दम पुरत नसेल तर छोटी घंटी बरी.

घरी एक मोजमाप ठेवता येतं. साधा श्वास घेऊन एका दमात किती आकडे मोजता येतात, ते रोज सकाळी वहीत लिहावं. रोज अठरापर्यंत जाणारा माणूस दोन दिवसांत दहावर आला, तर छाती बिघडते आहे असं समजून डॉक्टरला कळवावं. हा आकडा दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी जोडायचा नाही, आपल्याच कालच्या आकड्याशी जोडायचा.

घरात काय बदलायचं?

- पाणी घोट-घोट, दिवसभर. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरला विचारून.
- रात्रीचं जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी. खाटेची डोक्याकडची बाजू विटा लावून थोडी उंच करावी.
- वाफ साध्या पाण्याची. उकळतं भांडं मांडीवर घेऊन पांघरुणात बसू नये, भाजण्याचा धोका असतो. बाम, कापूर टाकल्याने काहींचा दम उलट वाढतो.
- हळद-दूध, मध, ज्येष्ठमध यांनी घशाला बरं वाटू शकतं, पण ते पंपाच्या जागी चालत नाहीत. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढू शकतो. मधुमेह्यांनी मध जपून घ्यावा.
- ऑक्सिजन असेल तर ओलाव्याच्या बाटलीतलं पाणी रोज बदलावं. त्या खोलीत चूल, दिवा, उदबत्ती, बिडी काहीही नको. नाक सुकलं तर व्हॅसलीन लावू नये, पाण्यात विरघळणारं मलम विचारून घ्यावं.
- तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे.

आवाजच नसेल तर व्यवहार कसे चालवायचे?

आवाज गेला की माणूस हळूहळू घरातल्या बोलण्यातून बाहेर पडतो. संत्र्याच्या बागेचा सौदा असो की नातीचं लग्न, ठरवणारे ठरवून मोकळे होतात. विचारलं तरी उत्तर यायच्या आत दुसरं कुणीतरी बोलून जातं. म्हातारा चिडका झाला असं लोक म्हणतात. प्रत्यक्षात त्याला बोलायला तेवढा वेळच मिळत नाही.

घरच्यांनी एवढं करावं : टीव्ही बंद करून समोर बसावं. हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारावं. वाक्य त्यांनाच पूर्ण करू द्यावं. आणि मुख्य म्हणजे मोठ्याने बोलू नये. आवाज गेलेल्या माणसाशी लोक ओरडून बोलतात, जणू त्याचे कानच गेले.

सीमेवरच्या रुग्णाची आणखी एक अडचण. घरी मराठी, छिंदवाड्याच्या रुग्णालयात हिंदी, नागपूरला पुन्हा मराठी. म्हणून खिशात दोन्ही भाषांतलं कार्ड ठेवावं. एका बाजूला : "मला ऐकू येतं, पण बोलता येत नाही. मला दमा आहे. थोडा वेळ द्या." दुसऱ्या बाजूला : "मैं सुन सकता हूँ, पर बोल नहीं पाता। मुझे दमे की बीमारी है। थोड़ा समय दीजिए।" खाली औषधांची नावं, ॲलर्जी आणि घरच्या दोघांचे नंबर.

मोबाइलवर मराठीत टाइप केलेलं वाचून दाखवणारी सोय मोफत मिळते. घरातली शाळकरी मुलं ती दहा मिनिटांत लावून देतात. मिस्ड कॉलची खूण ठरवावी : एक म्हणजे "घरी ये", लागोपाठ दोन म्हणजे "दम लागला, धावत ये". संकटासाठी ११२ इंडिया हे ॲप आधीच टाकून ठेवावं. किराणा दुकान किंवा शिकवणी चालवणाऱ्यांना कमरेला लावायचा छोटा माइक-स्पीकर उपयोगी पडतो.

मन खचलं तर १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर मदत मिळते. फोनवर बोलणं जमत नसेल तर घरचं माणूस रुग्णाच्या बाजूने बोलू शकतं.

देवासचं उदाहरण

फुप्फुस आणि आवाज यांचं नातं मध्य प्रदेशातल्या मराठी घरांना एका मोठ्या नावाने माहीत आहे. पंडित कुमार गंधर्व यांचा जन्म ८ एप्रिल १९२४चा, बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा. मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकून ऐन विशीत नाव झालं आणि त्याच सुमारास त्यांना फुप्फुसाचा क्षय झाला. कोरड्या हवेसाठी ते माळव्यात देवासला आले. गाणं बंद करावं लागलं. काही वर्षं अंथरुणात गेली. तेव्हा नवीनच मिळू लागलेल्या स्ट्रेप्टोमायसीनने ते बरे झाले, पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं होतं. १९५३च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले. पूर्वीसारखा लांब दम उरला नव्हता. छोटे छोटे तुकडे, मधला थांबा आणि पुन्हा उसळणारा सूर, अशी त्यांची गायकी लोकांनी पुढची जवळजवळ चार दशकं ऐकली. १२ जानेवारी १९९२ला देवासमध्येच त्यांचं निधन झालं.

प्रत्येक रुग्ण कुमार गंधर्व होत नाही. पण त्यांनी पाळलेला क्रम कोणालाही पाळता येतो : आधी औषध पूर्ण, मग विश्रांती, मग उरलेल्या दमात बसेल असं बोलणं किंवा गाणं. हरिपाठ किंवा भजन आवडत असेल तर डॉक्टरांना विचारून बसल्या बसल्या, खालच्या पट्टीत, एकेक ओळ म्हणावी. परदेशात फुप्फुसाच्या रुग्णांचे असे गाण्याचे गट चालतात. त्यात श्वास सोडण्याचा सराव होतो आणि माणसं भेटतात.

कुठे जायचं?

५ ऑक्टोबर २०२३ला पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, त्यात पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके आले. पहिली तपासणी, थुंकी, छातीचा फोटो यासाठी इथलीच शासकीय रुग्णालयं गाठावीत. पुढच्या तपासणीसाठी छिंदवाड्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपुरात मेडिकल, मेयो आणि एम्स आहेत. १९५६ पर्यंत नागपूरच या भागाची राजधानी होती, दुखणं वाढलं की नागपूर हा रस्ता तेव्हापासूनचा.

आयुष्मान कार्ड मध्य प्रदेशात काढलेलं असलं तरी योजनेत असलेल्या नागपूरच्या रुग्णालयात भरती होताना चालतं. निघण्याआधी १४५५५ वर विचारून खात्री करावी. ७० वर्षांवरील सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता हे कार्ड मिळतं. स्वरयंत्र काढावं लागल्यामुळे आवाज कायमचा गेला असेल, तर २०१६च्या दिव्यांग कायद्यात वाचा-दोषाची नोंद आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

जाताना पिशवीत हे असावं : सगळे पंप आणि स्पेसर, गोळ्यांची पाकिटं, जुने फोटो आणि रिपोर्ट, आधार आणि आयुष्मान कार्ड, वही-पेन. वहीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी घरूनच लिहून न्याव्यात : आवाज कोणत्या तारखेपासून बसला, दिवसात केव्हा जास्त बसतो आणि त्याआधी कोणतं औषध नवीन सुरू झालं. डॉक्टरसमोर आवाज निघाला नाही तरी ते पान पुढे करता येतं.